छातीतला भाडेकरू

१२ जानेवारी
मोठ्या दवाखान्याच्या बाकावरून

दादा,

वर ‘तीर्थस्वरूप’ वगैरे लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर तुला लगेच वाटलं असतं की याला काहीतरी हवंय. तर हवंच आहे. तू एकदा छाती नीट तपासून घ्यावीस, एवढंच हवंय. आता पत्र फाडायचं असेल तर फाड, पण मोठे तुकडे कर, म्हणजे वहिनींना जुळवून वाचता येईल.

तुला खोकला आहे हे मला कळलंय. वहिनींनी आमच्या हिला फोनवर सांगितलं आणि ‘भाऊजींना मात्र बोलू नकोस’ असं बजावलं. हिला असं बजावलं की ती गोष्ट भाजी फोडणीला पडायच्या आत माझ्या कानावर येते. तुला फोन करून विचारलं असतं, पण माझा आवाज ऐकला की तू ‘देतो वहिनीला’ म्हणतोस आणि फोन सोपवून मोकळा होतोस. बँड सोडून तू मुलीकडे त्या बंदराच्या गावी राहायला गेलास तेव्हापासून आपलं बोलणं या दोन शब्दांच्या पुढे गेलेलं नाही. राहिलं पत्र. पत्राला ‘देतो वहिनीला’ म्हणता येत नाही.

आधी माझं सांगतो. गेलं वर्षभर मी टीबीच्या गोळ्या खातोय. लहानपणी बाबांच्या खोलीत झोपून तो आपल्या दोघांनाही झाला होता आणि बराही झाला होता. त्यामुळे गेल्या वर्षी खोकला जाईना, वजन उतरायला लागलं आणि एक्स-रेवर डाग दिसला, तेव्हा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी दुसरा विचारच केला नाही. मीही केला नाही. जुन्या ओळखीचा पाहुणा, त्याला नाव काय विचारायचं! थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत. ‘लपले असतील,’ डॉक्टर म्हणाले. मग दम लागायला लागला म्हणून स्टिरॉइड दिलं. त्यावर थोडे दिवस असा तरतरीत झालो की हिला वाटलं नवं लग्न झालंय, आणि त्यानंतर जो बसलो तो बसलोच.

बँडचा कोट आता माझ्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. ट्यूबा वाजवणारा भोंग्या परवा म्हणाला, ‘लांबून बघताना तू कुठला आणि तुझं क्लॅरिनेट कुठलं ते समजत नाही.’ सगळे हसले. मग त्यानंच मला ओढत इथं आणलं.

इथल्या छातीच्या डॉक्टरबाई फार बारीक चौकशी करतात. रक्त घेतलं, थुंकी घेतली, आज सीटी स्कॅन काढला. उताणा झोपवून काढून झाल्यावर म्हणाल्या, “आता पालथे व्हा. पुन्हा काढायचाय.”

मी म्हटलं, “का हो बाई, पहिल्यात डोळे मिटले होते का?”

त्या हसल्या, पण कारण सांगितलं नाही. आता बोलावणं यायची वाट बघतोय. दोनदा उठून दारापर्यंत जाऊन परत आलो हे तुला म्हणून सांगतो, हिला बोलू नकोस. तसा तू बोलतोस कुठे म्हणा.

तुझा धाकटा


३ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही. पत्रही परत आलं नाही, याचा अर्थ घरात घेतलंस. चालेल.

मला टीबी नाही. छातीत बुरशी आहे. हो, तीच, पावावर येते त्या जातीची. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला लहानपणच्या टीबीनं एक पोकळी करून ठेवली होती. टीबी गेला, खोली रिकामी राहिली, आणि एवढ्या वर्षांत कधीतरी बुरशी तिथं भाडेकरू म्हणून शिरली. आत तिचा चांगला लिंबाएवढा गोळा झालाय. मला पालथा झोपवलं तसा तो गोळा घरंगळून दुसऱ्या बाजूला गेला. गाठ असती तर जागची हलली नसती, हा हलला. बाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले. रक्तातही तिच्या खुणा सापडल्या.

मी विचारलं, “ही आली कुठून?”

“हवेतून,” बाई म्हणाल्या. “सगळेच जण रोज श्वासातून घेतात. धडधाकट छाती ती झाडून टाकते. तुमच्या त्या पोकळीत हवा जाते, पण झाडू पोचत नाही.”

“मग घरच्यांना माझ्यापासून?”

“काही नाही. ही एकाची दुसऱ्याला लागत नाही.”

जीव भांड्यात पडला. आमची ही माझी ताट-वाटी वर्षभर वेगळी ठेवत होती. त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं ती सगळ्या भांड्यांत मिसळून टाकली आणि कुठली होती ते आता कुणालाच ओळखू येत नाही.

टीबीच्या गोळ्या बंद झाल्या. त्या चालू असत्या तर त्यांनी बुरशीच्या औषधाला अंगात टिकूच दिलं नसतं म्हणे. आणि स्टिरॉइडवर तर ती पोसली जात होती.

आता पुढचं ऐक, हे खास तुझ्यासाठी. बाईंनी विचारलं, काम काय करता. म्हटलं, बँडमध्ये क्लॅरिनेट. “आतून कशानं धुता?” मी म्हटलं, “बाई, आमच्या घराण्यात आतून पाणी लावत नाहीत.” बाबांचा नियम तुला पाठच आहे. बाहेरून आरशासारखं लख्ख, आतून हात लावायचा नाही, सूर मुरतो तो आत. वाजवून झालं की ओलंच त्यांच्या जुन्या फडक्यात गुंडाळायचं आणि पेटी बंद. सगळा बँड हेच करतो, आणि आपण दोघं तर बँडमास्तरांची मुलं, आपण किती मन लावून केलं! बाईंनी मला पेटी आणायला लावली, उघडली, आणि मान मागे घेतली. तो वास मला आयुष्यभर बाबांचा वास वाटत आला होता.

लॅबवाल्यांनी आतून खरवडून नमुना घेतला. बुरशी उगवायला वेळ घेते, त्यांनी घाई केली नाही. थुंकीतून जी उगवली तीच नळीतूनही उगवली. बाई सरळ माणूस. म्हणाल्या, “तुमच्या छातीतली इथूनच गेली असं मी छातीठोक सांगणार नाही, ती कुठूनही जाऊ शकते. पण रोज तोंडाला लावायची वस्तू अशी ठेवू नका.”

मग रविवारी भोंग्याच्या अंगणात सगळ्या बँडची आंघोळ काढली. बादल्या, साबण, बाटल्या धुवायचे ब्रश. ट्यूबातून जे बाहेर आलं त्याचं वर्णन करत नाही, तू जेवत असशील. “सूर वाहून चालला रे!” असं भोंग्या ओरडत होता. क्लॅरिनेट लाकडी, त्याला पाण्यात घालता येत नाही, ते मी आतून कोरडं पुसत आणि वाळवत बसलो, आणि तोंडात धरायच्या वेताच्या पट्ट्या बदलल्या. वाळल्यावर सगळ्यांनी वाजवून बघितलं. दादा, सूर तोच आहे. उलट ट्यूबाचा खालचा सूर, जो भोंग्याला कधीच लागत नव्हता, तो लागला. आता त्याला सबब राहिलेली नाही, म्हणून जरा उदास आहे.

तुलाही लहानपणी टीबी झाला होता. तूही ती ट्रंपेट तशीच ठेवत होतास. तुलाही खोकला आहे. मी काही डॉक्टर नाही, पण एवढी बेरीज मलाही येते.

तुझा धाकटा


१९ मार्च

दादा,

कॅप्सूल चालू आहेत. भरल्या पोटी घ्यायच्या, ॲसिडिटीच्या गोळ्या जवळ फिरकू द्यायच्या नाहीत, नाहीतर औषध अंगी लागत नाही. मधेच रक्त तपासून औषध पुरेसं चढलंय का आणि लिव्हर कुरकुरतंय का ते बघतात. पाय सुजले होते. कोट सैल आणि बूट घट्ट, असा एकाच वेळी दोन मापांचा माणूस झालो होतो. बाईंनी मात्रा कमी केली, सूज उतरली. तोंडाला चव नाही, तरी ही समोर बसून शेवटचा घास जाईपर्यंत उठत नाही. मी चिडतो, ती ऐकून घेते आणि अजून एक पोळी वाढते. हिच्याशिवाय मी या गोळ्या केव्हाच खिडकीबाहेर टाकल्या असत्या.

आज मात्र मला वेगळंच लिहायचंय. परवा शाळेच्या समारंभात आम्ही ते संचलनाचं गाणं वाजवत होतो, ज्यात मधे तो लांबलचक सूर आहे. ट्रंपेट होती तेव्हा तो तू धरायचास. तू गेल्यापासून मी धरतो. परवा अर्ध्यात माझा दम संपला. खोकला आला, मी रुमाल लावला, आणि रुमालावर लाल ठिपका दिसला. दादा, मी पहिली गोष्ट काय केली सांगू? घाबरलो नाही, कुणाला हाक मारली नाही. रुमाल झटकन खिशात घातला आणि कुणी बघितलं का ते बघितलं.

आणि त्या क्षणी मला तू दिसलास. पुलाच्या उद्घाटनाच्या दिवशी, याच गाण्यात, याच सुरावर, तू ट्रंपेट खाली घेतलीस, तोंडाला रुमाल लावलास आणि गर्दीतून निघून गेलास. बाबा पूर्वी पुढे उभं राहून जे एकट्यानं वाजवायचे, ते त्या मोसमात तुला सोडून मला मिळालं होतं. म्हणून तू रुसलास असं सगळा बँड म्हणाला. मीही तेच समजलो, आणि तू समजू दिलंस. मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा. ‘त्या घरात अजून टीबी आहे’ असं कुणी म्हणू नये म्हणून तू रुसका ठरलास, भांडकुदळ ठरलास, भावाला पाण्यात पाहणारा ठरलास. एवढं ओझं एकट्यानं घेऊन गेलास, आणि मी इथं तुझ्यावर फुगून बसलो होतो.

मी चुकत असेन तर मला दोन शिव्या लिहून पाठव. मला आनंदच होईल.

आणि चुकत नसेन तर ऐक. लग्न होऊन गेलं. आता लपवायचं कुणापासून? तिथल्या डॉक्टरांना जाऊन एवढंच सांग की लहानपणी टीबी झाला होता, तर नुसता टीबी बघू नका, बुरशीही बघा. हे एक वाक्य म्हण. तुझा दम तेवढा नक्की पुरेल.

तुझा धाकटा


८ एप्रिल

दादा, साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी लिहितेय, तुमच्या धाकट्या भावाची बायको. त्यांनी ‘मी बरा आहे असं लिही’ म्हणून सांगितलंय. ते बरे नाहीत, म्हणून मी तसं लिहिणार नाही.

रविवारी जेवता जेवता खोकला आला आणि रक्त पडलं. ठिपका नाही, बेसिन भरलं. मी आजवर कशाला घाबरले नाही, त्या दिवशी भोंग्याभाऊजींना फोनवर नुसतं ‘या’ एवढंच म्हटलं. भोंग्याभाऊजींनी बँडच्या गाडीतून आणलं, मागे ड्रम तसेच होते. इथं डॉक्टरांनी मांडीतून बारीक नळी घालून आतली रक्त येणारी नस बंद केली. रक्त थांबलंय. पण बाई म्हणतात, गोळा एकाच ठिकाणी आहे, बाकी फुफ्फुस चांगलं आहे, तेव्हा तो भाग काढून टाकलेला बरा. नुसत्या कॅप्सूलवर थांबलो तर पुन्हा असं रक्त येऊ शकतं आणि पुढच्या वेळी वेळेत पोचूच असं नाही. उद्या ऑपरेशन आहे.

बाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं की फुफ्फुसाचा वरचा तुकडा जाईल, पूर्वीसारखा दम राहीलच असं नाही. हे म्हणाले, “काढा, मला क्लॅरिनेटपेक्षा बायको जास्त वेळ ऐकायची असते.” सगळ्या नर्सा हसल्या. त्या गेल्यावर पलंगावर बोटं अशी चालवत होते, भोकं बंद करत, उघडत. मी बघितलं नाही असं दाखवलं.

दादा, तुम्ही दोघं एकाच मुशीतले. एक रुसून लपवतो, एक हसवून लपवतो. बाबांच्या आजारपणात मी नवी सून होते. त्यांनीही शेवटपर्यंत ‘थोडा खोकला आहे’ एवढंच म्हटलं होतं. मला ते पुन्हा बघायचं नाही. तुमच्या भावाला इथं डॉक्टर आहेत, मी आहे, सगळा बँड खाली बाकांवर बसलाय. तुम्हाला कोण आहे ते तुम्ही ठरवा. वहिनींना त्यांच्या नशिबावर सोडू नका.

रागावला असाल तर मला रागवा.


२ जून

दादा,

आहे बरं का मी.

बरगड्यांच्या बाजूनं हा एवढा व्रण आहे. हसलो की दुखतो आणि भोंग्या रोज भेटायला येतो, त्यामुळे तो लवकर भरत नाही. काढलेला तुकडा बाईंनी मला दाखवला. पोकळीत करडा, चिखलाच्या ढेकळासारखा गोळा. मी त्याला मनात नमस्कार केला. कसाही असला तरी माझ्या सुरांवर वाढलेला होता.

मला कुणाकुणाचे आभार मानू असं झालंय. पालथं झोपवून पुन्हा फोटो काढायचा कंटाळा न केलेल्या बाईंचे. बुरशी उगवायला ठेवलेल्या बशा फेकून न देता वाट बघत बसलेल्या लॅबवाल्यांचे. ऑपरेशननंतर मला उठवून बसवणाऱ्या आणि ‘फुंका, अजून फुंका’ म्हणणाऱ्या नर्सचे. तिला माझा धंदा माहीत नव्हता. फुंकायला दिलेल्या प्लॅस्टिकच्या डबीतले चेंडू मी वर उचलले तेव्हा ती म्हणाली, “छान फुंकता हो!” आयुष्यात एवढी दाद मिळाली नव्हती. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. राग घेऊन गेलो होतो, पण त्यांनीच खुर्चीतून उठून विचारलं, ते स्कॅन मला दाखवाल का, माझ्याकडे असे आणखी दोघं जण येतात. मग राग कुठे ठेवायचा तेच समजेना, तो तिथंच विसरून आलो. त्या दोघांनाही त्यांनी बाईंकडे पाठवलंय.

कॅप्सूल अजून काही महिने आहेत. वाजवायला परवानगी मिळालीय, थोडं थोडं. तो लांब सूर मला आता एका दमात धरता येत नाही. पहिल्यांदा तुटला तेव्हा मी वाद्य मांडीवर ठेवलं आणि रडलो, हेही सांगून टाकतो. मग आमच्या दुसऱ्या क्लॅरिनेटवाल्यानं एक युक्ती काढली. मी सुरू करतो, माझा दम संपायच्या आधी तो हळूच येऊन मिळतो, मी श्वास घेतो आणि परत मिळतो, मग तो सोडतो. ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो. पूर्वी एकट्यानं धरायचो तेव्हा शेवटी तो जरा थरथरायचा. आता थरथरत नाही.

तुझं पत्र नाही. वहिनी फोनवर ‘तसंच आहे’ म्हणतात. मी लिहीत राहीन. तुला कंटाळा आला तर डॉक्टरकडे जा, त्याशिवाय हे बंद पडायचं नाही.

तुझा धाकटा


२१ ऑगस्ट

दादा,

कालच वहिनींचा फोन आला. हिनं उचलला, ऐकत राहिली, आणि फोन माझ्या हातात दिला. माझ्या छातीत जे उरलंय तेही थांबलं.

वहिनी आधी रडल्या, मग हसल्या, मग सगळं उलटसुलट सांगितलं. तू ‘केस कापायला जातो’ म्हणून घरातून निघालास. तुझ्या डोक्यावर कापण्यासारखं काही नाही हे तुला सोडून सगळ्यांना माहीत असल्यामुळे वहिनी गुपचूप मागे आल्या. तू दवाखान्यात शिरलास. त्या बाकावर तुझ्या मागे जाऊन बसल्या, तुला पत्ता नाही. हे दोन महिन्यांपूर्वीचं. तेव्हापासून सगळ्या तपासण्या झाल्या, आणि तुझी ताकीद होती की औषध लागू पडतंय हे कळेपर्यंत मला सांगायचं नाही. या वेळी मात्र वहिनींनी तोंडाला खरंच कुलूप लावलं, हे मी मानतो.

तर तीच बुरशी आहे. तुझ्या दोन्ही बाजूंना आहे, म्हणून ऑपरेशन करता येत नाही. कॅप्सूल बराच काळ घ्याव्या लागतील, कदाचित कायमच्या. पण तिथले डॉक्टर म्हणतात, आवरता येण्यासारखी आहे, वेळेत आलात. पहिल्या महिन्यातच खोकला निम्म्यावर आलाय आणि तू स्वतःहून दुसऱ्यांदा भात मागितलास. कायमच्या गोळ्या म्हणजे मोठी शिक्षा असं समजू नकोस. रोज जेवणानंतर मीही घेतोय. त्या वेळी तूही घे, म्हणजे आपण निदान एवढं तरी बरोबर करू.

शेवटी वहिनींनी एक सांगितलं. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तुला विचारलं, घरात आणखी कुणाला असं काही झालं होतं का. वहिनींना वाटलं तू आता ‘नाही’ म्हणशील. त्या गावात तू बँडचं नाव काढत नाहीस, भाऊ आहे हेही कुणाला सांगितलेलं नाही. तू घसा साफ केलास, आणि सगळ्या बाकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालास,

“माझ्या धाकट्या भावाला झालं होतं. तो बरा झाला.”

दादा, बाई मला दोनदा म्हणाल्यात की आता ठीक आहे. ही तर रोज म्हणते. मी मान डोलावतो, पण साधी शिंक आली तरी मनात चर्र होतं. मी बरा झालोय हे काल मला पहिल्यांदा खरं वाटलं, कारण ते तू सांगितलंस.

तुझा धाकटा